साठ पैसे आणि शंभर टक्के : सांगलीच्या हळद बाजारातला एक संप आणि एक डावं साप्ताहिक

पार्श्वभूमी

गोष्ट १९९० च्या दशकाच्या अखेरची, सांगलीच्या मार्केट यार्डातली. ऐन हळदीच्या हंगामात हमालांनी दोन आठवडे काम बंद ठेवलं होतं. त्या दोन आठवड्यांत शहरातल्या एका डाव्या साप्ताहिकानं काय छापलं, काय दाबलं आणि ते कुणाच्या अंगाशी आलं, याची ही नोंद. साप्ताहिकाचं, युनियनचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी त्या साप्ताहिकात उपसंपादक होतो. हुद्दा ऐकायला बरा वाटतो. काम म्हणजे प्रुफं वाचायची, पेस्टिंग करायचं, गठ्ठे बांधायचे आणि गुरुवारी पहाटे सायकलवरून यार्डात अंक पोचवायचे. त्यामुळे हे काठावर बसून लिहिलेलं नाही. यातली एक चूक तर थेट माझ्या हातची आहे.

साप्ताहिक चार पानी. संपादक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. वर्गणीदारांची जुनी फळी कुंडल, वाळवा, खानापूर, तासगाव या भागातली. कुणी स्वतः प्रतिसरकारात, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या साताऱ्याच्या समांतर सरकारात होतं, कुणाचा बाप. क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून लाल बावट्याचे खासदार झाले, ती निवडणूक या लोकांना तोंडपाठ. अंक वेळेवर आला नाही की पोस्टकार्ड यायचं आणि त्यात ‘कॉम्रेड’ लिहून पुढं चांगली चार ओळींची खरडपट्टी असायची.

दुसरा वाचक यार्डातला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप संपल्याची घोषणा कधी झालीच नाही. त्यातले कितीतरी सातारा-सांगलीकडचे. आधी ‘मिटेपर्यंत’ म्हणून गावी आले, मग गावीच राहिले. काहींनी पाच-दहा वर्षांनी यार्डात पोती उचलायला सुरुवात केली. या माणसांना पेपर वाचायची सवय होती, तीही एका विशिष्ट तऱ्हेची. संपाच्या दिवसांत किती गिरण्या चालू, किती कामगार आत गेले, याचे आकडे रोज पेपरात यायचे आणि दारावर उभं राहिलेल्या माणसाला रोज वेगळंच दिसायचं. छापलेला आकडा आणि डोळ्यांनी पाहिलेलं दार यांचा ताळा घ्यायला ते तिथं शिकले होते. हे आमच्या लक्षात यायला हवं होतं.

यार्डातलं काम, आणि पैसे कुणाच्या खिशातून

बाहेरच्या माणसाला हमाली म्हणजे पाठीवर पोतं एवढंच दिसतं. हळदीत गाडीतून उतराई, थप्पी लावणं, सौद्यासाठी पोती फोडणं, काट्यावर चढवणं, खरेदीदाराच्या बारदानात पलटी, शिलाई आणि परत गाडीत भराई, अशी सगळी साखळी असते. टोळी दहा-बारा जणांची, तिला मुकादम एक, मजुरी पोत्यावर आणि वाटणी टोळीत. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी करायची निवडणी बायकांकडे. त्या रोजंदारीवर. त्यांचं नाव ना टोळीत, ना युनियनच्या वहीत. संध्याकाळी त्यांच्या पदराला, पापण्यांना, अगदी थुंकीला पिवळा रंग असायचा.

उतराईची हमाली शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे माल विकल्याच्या बिलातून, कापली जायची आणि भराईची खरेदीदार द्यायचा. म्हणजे हमालानं उतराईचा दर वाढवून मागितला, तर तो मागणार अडत्याकडे, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाकडे, पण कापला जाणार शेतकऱ्याच्या बिलातून. ‘शेतकरी-कामगार एकजूट’ हे आमच्या मथळ्याशेजारचं कायमचं घोषवाक्य. पट्टीची ही एक ओळ त्या घोषणेत कशी बसवायची, ते आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा. ज्याला एक ठरावीक मालक नाही, अशा अंगमेहनतीच्या कामगाराची माथाडी मंडळात नोंद व्हावी, मजुरी मंडळामार्फत मिळावी, वर लेव्हीतून, म्हणजे मजुरीवर मालकाकडून घेतलेल्या जादा रकमेतून, भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधपाणी निघावं, असा त्याचा बेत. कायदा चांगला. पण यार्डात काही टोळ्या मंडळात नोंदलेल्या होत्या आणि काहींकडे बाजार समितीचं नुसतं लायसन होतं. एकाच थप्पीवर दोन तऱ्हेचे हमाल.

मागण्या आणि पहिला आठवडा

पाडव्यानंतरच्या सोमवारी काम बंद झालं. मागण्या चार : पोत्यामागे सरसकट १ रुपया वाढ, सगळ्या टोळ्यांची मंडळात नोंद, निवडणीच्या बायकांना ठरलेला रोज, आणि उतराईची हमाली शेतकऱ्याऐवजी खरेदीदारानं द्यावी. चौथी मागणी गुरुजींच्या आग्रहानं आली होती. तिच्यामुळे एकजुटीच्या घोषणेला थोडा तरी अर्थ होता.

पहिले चार दिवस यार्डात काटा हलला नाही. गुरुवारच्या अंकाचा मथळा होता ‘संप शंभर टक्के यशस्वी’, आणि तो अक्षर न् अक्षर खरा होता. मी स्वतः बुधवारी सगळ्या पेठांत फिरून आलो होतो. त्या दिवशी यार्डात नेहमीपेक्षा दुप्पट अंक खपले. चहाच्या टपरीवर एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे बशीतून चहा ओढत ऐकायचे, आणि ‘शंभर टक्के’ आलं की कुणीतरी ‘व्हय तर!’ म्हणायचं.

त्याच अंकातल्या मागण्यांच्या चौकटीत मात्र तीनच मागण्या होत्या. चौथी, उतराईची, युनियनच्या सेक्रेटरीनं तिसऱ्या दिवशीच बैठकीत सोडून दिली होती. ‘एवढं ताणलं तर तुटेल’, म्हणाला. त्याचं म्हणणं चूक होतं असं नाही. पण मागणी सोडली, ही बातमी होती आणि आम्ही ती नुसती गाळून टाकली.

ते कुणाच्या लक्षात आलं, तर कर्नाटकातल्या अथणीकडून आलेल्या एका शेतकऱ्याच्या. त्याची गाडी सोमवारपासून अडकली होती. तो शेडच्या कडेला पोत्यांवरच झोपत होता. मराठी वाचायचा, बोलायचा निम्मं कानडी निम्मं मराठी. सोमवारी वाटलेलं पत्रक त्यानं खिशात जपून ठेवलं होतं. अंकाची घडी उलगडून पत्रक शेजारी धरलं, बोट ठेवलं आणि मला विचारलं, ‘ह्यात चार, त्यात तीन. माझं कुठलं गेलं?’ मी म्हटलं, जागा कमी पडली असेल. तो काही बोलला नाही. पत्रकाची घडी घालून परत खिशात ठेवलं.

अडचण

दुसरा आठवडा लागला आणि तीन गोष्टी एकदम आल्या.

मंगळवारी, म्हणजे नवव्या दिवशी, व्यापाऱ्यांच्या संघटनेनं युनियनला पत्र दिलं : पोत्यामागे ६० पैसे वाढ, बाकी विषय हंगामानंतर. सेक्रेटरीनं ते समितीच्या चार जणांना दाखवलं आणि खिशात ठेवलं. त्याचा हिशेब असा की आणखी दोन दिवस ओढलं तर ८० होतील. पत्र आत्ताच फोडलं तर निम्मे लोक ६० वरच समाधान मानतील.

त्याच दिवशी दुपारी वळवाचा पाऊस झाला. उघड्यावरच्या थप्प्या भिजल्या. हळदीला पाणी लागलं की रंग जातो आणि रंग गेला की भाव. रात्री दोन पेठांमध्ये दिवे लागले आणि लायसनवाल्या दोन टोळ्यांनी माल आत घेतला. सकाळी सगळ्या यार्डाला ते माहीत होतं. शेडच्या दारातल्या चिखलात पायांचे ठसे होते.

तिसरी गोष्ट छापखान्याची. आमचा अंक ज्या प्रेसवर निघायचा, तिथंच निम्म्या अडत दुकानांची पट्टीबुकं छापली जायची. मालकाला निरोप गेला की पुढच्या हंगामाची बुकं मिरजेला देता येतील. तो बिचारा गुरुजींकडे आला आणि म्हणाला, छापतो, पण खाली माझं नाव नको. नाव तर कायद्यानंच हवं. तेव्हा लागू असलेल्या १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि छापल्याचं ठिकाण द्यावंच लागायचं. शेवटी त्यानं छापून दिला, पण बुधवारी रात्री अकराच्या आत सगळं मजकुराचं काम संपवायच्या अटीवर. एरवी आम्ही पहाटे दोनपर्यंत रेटायचो.

कामगारांचं वर्तमानपत्र मालकाच्या पैशावर चालत नसेल, पण मालकाच्या पट्टीबुकांवर चालणाऱ्या यंत्रावर छापलं जातं, हे मला त्या रात्री कळलं.

बुधवारची रात्र : समोर असलेले पर्याय

बैठक नव्हती, भांडणच होतं. गुरुजी, सेक्रेटरी, मी आणि पेस्टिंगच्या टेबलावर कोपर टेकून बसलेले अप्पा. अप्पा म्हणजे परळच्या एका गिरणीतून परत आलेले, आता एका टोळीचे मुकादम.

एक वाट म्हणजे सगळं छापायचं, पत्रही आणि रात्रीचं कामही. अप्पांचा कौल याला. ‘यार्डात जे पोराठोरांना ठावं हाय ते पेपरात नसलं, तर पेपर कुणासाठी?’ सेक्रेटरीला यातलं काहीच नको होतं. रात्रीच्या कामाची बातमी आली तर उद्या आणखी चार टोळ्या आत जातील, हा त्याचा धसका खोटा नव्हता.

दुसरी वाट मी सुचवली : पत्र छापायचं, फूट छापायची नाही. ६० पैशांचा प्रस्ताव, १ रुपयाची मागणी, सभेत निर्णय. सेक्रेटरी म्हणाला, पत्र अजून ‘अधिकृत’ नाही. सही-शिक्का असलेलं पत्र अधिकृत कसं नाही, हे मी विचारलं नाही. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

तिसरी वाट, अंकच एक दिवस उशिरा काढायचा. ती अकराच्या अटीनं आणि पोस्टाच्या सवलतीच्या दरासाठी ठरलेल्या दिवसानं बंद केली.

उरली चौथी : मागच्याच सुरात पुढं जायचं.

गुरुजींनी बराच वेळ ऐकून घेतलं. त्यांचा मुद्दा नीट सांगायला हवा, कारण तो हलका नव्हता. ते म्हणाले, शहरातले रोजचे पेपर व्यापाऱ्यांचं निवेदन पहिल्या पानावर घेतात आणि आपलं पत्रक आतल्या पानावर, चार ओळींत. दहा आवाज त्या बाजूला आणि एक आपला. त्या एकानंही तराजू धरायचा म्हटलं, तर पारडं कुठं झुकेल? त्यांनी जुने दाखले दिले. सत्यशोधकी ‘दीनबंधु’ १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी काढला आणि पुढं नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवला, तेव्हा गिरणी कामगाराची रविवारची सुट्टी मागायला दुसरा कोणता पेपर उभा होता? १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बंद राहिल्या, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, तेव्हा ‘क्रांती’सारखं साप्ताहिक संपाचंच हत्यार होतं. ‘त्यांनी काय शेजारी मालकाची बाजू छापली?’

त्यांच्या खुर्चीमागं लेनिनचं वाक्य लावलेलं होतं : वर्तमानपत्र हे सामूहिक प्रचारक आणि आंदोलक तर असतंच, पण सामूहिक संघटकही असतं. त्याच लेखात, १९०१ सालच्या, त्यानं वर्तमानपत्राला इमारतीभोवतीच्या परांचीची उपमा दिली आहे. परांचीवर उभं राहून गवंड्यांना एकमेकांचं काम दिसतं आणि वाटून घेता येतं. त्या रात्री अप्पा जे म्हणत होते ते यापेक्षा फारसं वेगळं नव्हतं, पण लेनिन भिंतीवर होता आणि अप्पा पेस्टिंगच्या टेबलावर. भिंतीवरच्याचं वजन जास्त पडलं.

जे केलं

पावणेअकराला गुरुजी म्हणाले, ‘सूर तोच ठेवा.’

आता माझ्या हातची चूक. तेव्हा मजकूर बटर पेपरवर काढून कात्रीनं कापून पानावर चिकटवायचो. मागच्या अंकाचं पान अजून टेबलावर होतं आणि ‘संप शंभर टक्के यशस्वी’ ही पट्टी त्यावर शाबूत होती. नवा मथळा टाइप करायला दहा मिनिटं लागली असती. मी ती पट्टी ब्लेडनं अलगद उचलली आणि नव्या पानावर चिकटवली. एका टोकाला जुना डिंक राहिला होता, त्यामुळे ‘यशस्वी’ किंचित वर चढलं. कुणी काही म्हटलं नाही. अप्पा उठून गेले होते.

व्यापाऱ्यांचं पत्र नाही, रात्रीचं काम नाही, पावसाचा उल्लेख एका ओळीत. मागण्यांच्या चौकटीत आता दोनच मागण्या. बायकांच्या रोजाची कधी गळाली, ते मला आजही आठवत नाही. ती सोडायची असं कुणी म्हटलंही नव्हतं. जागा कमी होती एवढंच, आणि या खेपेला ते खरं होतं.

परिणाम

गुरुवारी पहाटे टपरीवर अंक उघडला गेला. वाचणाऱ्यानं मथळा वाचला आणि थांबला. मग कुणीतरी शेडच्या दाराकडे नुसतं बघितलं आणि हसू फुटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. एक पोरगं म्हणालं, ‘मागल्याच आठवड्याचा हाय का काय? यशस्वीचा पाय तेवढा वर गेलाय.’

शुक्रवारी एका रोजच्या पेपरात व्यापाऱ्यांचं पत्र जसंच्या तसं आलं, तारखेसह. संध्याकाळपर्यंत प्रत्येक टोळीत प्रश्न एकच : पत्र मंगळवारचं, मग आपल्याला शुक्रवारी का कळलं, आणि तेही त्यांच्या पेपरातून?

शनिवारी सभा झाली. सेक्रेटरी बोलायला उभा राहिला तेव्हा अप्पांनी मध्येच विचारलं. आवाज चढवला नाही.

‘भाऊ, साठ पैशांचं पत्र मंगळवारी आलंतं. गुरुवारच्या आपल्या पेपरात का न्हवतं?’

‘अप्पा, बोलणी चालू होती.’

‘बोलणी तुमची. पोती आमची हायेत.’

नंतर अप्पा माझ्याकडे वळले नाहीत, गुरुजींकडेही नाही. ते मला जास्त लागलं. सभेत बराच वेळ संप चालवायचा की नाही, यावर बोलणं झालंच नाही. कुणी काय लपवलं यावरच झालं. ६० वर थांबावं का १ रुपयासाठी आणखी आठवडा काढावा, हा खरा प्रश्न. त्याला रात्रीचे नऊ वाजेपर्यंत तोंड लागलं नाही, आणि तोवर निम्मी माणसं घरी गेली होती.

रविवारी सहाय्यक कामगार आयुक्तांसमोर बसून मिटलं, पोत्यामागे ६५ पैशांवर. नोंदीचा प्रस्ताव तीन महिन्यांत मंडळाकडे पाठवायचा ठरलं. उतराई शेतकऱ्याकडेच राहिली. निवडणीच्या बायकांचा शब्दही त्या कागदावर नव्हता. सोमवारी, पंधराव्या दिवशी, काटा हलला.

मी नंतर एका टोळीची वही घेऊन हिशेब मांडला. हंगामात एका माणसाच्या वाट्याला दिवसाला साधारण ६० पोत्यांची मजुरी यायची. दर २ रुपये, ६० पैसे वाढ धरली तर २ रुपये ६० पैसे. मंगळवारी पत्र सभेपुढे ठेवून तेव्हाच मिटवलं असतं, तर बुधवार ते शनिवार असे चार दिवस कामाचे मिळाले असते. ४ गुणिले ६० गुणिले २.६० म्हणजे ६२४ रुपये. ते घालवून मिळवले जादा ५ पैसे, म्हणजे दिवसाला ३ रुपये. ६२४ भागिले ३, बरोबर २०८ दिवस. पुढचे २०८ कामाचे दिवस फक्त ते चार दिवस भरून काढण्यात जाणार होते, आणि हंगाम तर चार महिन्यांचा.

कदाचित सभेनं सगळं माहीत असूनही ‘लढू’ असंच ठरवलं असतं. पाच पैशांसाठीही माणसं लढतात, आणि त्यात शहाणपण नसतं असं मी म्हणणार नाही. पण मग ते २०८ दिवस त्यांनी स्वतः निवडलेले असते.

साप्ताहिकाचं झालं ते लवकर सांगून टाकतो. यार्डात जाणारा गठ्ठा दोन महिन्यांत निम्म्यावर आला. व्यापाऱ्यांनी बहिष्कार टाकला होता असं आम्ही वर्षभर सांगत राहिलो. जाहिराती बंद झाल्या हे खरं, पण टपरीवरचा अंक व्यापारी विकत घेत नव्हते.

वेगळं काय करता आलं असतं

यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझी मतं अधूनमधून बदललीही आहेत.

पत्राबद्दल मात्र मला आता शंका नाही. मालकाकडून आलेला प्रस्ताव ही युनियनच्या समितीची मालमत्ता नव्हे. तो ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांचा कागद आहे आणि त्यांच्या पेपरात तो सगळ्यात आधी यायला हवा. ‘अधिकृत नाही’, ‘वेळ चुकीची आहे’ ही कारणं त्या रात्री पटली, कारण ती सांगणारा माणूस प्रामाणिक होता. त्याला ८० पैसे मिळवूनच द्यायचे होते. प्रामाणिक माणसानं दाबलेली बातमी दाबलेलीच असते.

रात्रीच्या कामाचं तितकं सोपं नाही. त्या दोन टोळ्यांची, मुकादमांची नावं छापली असती तर मारामाऱ्या झाल्या असत्या, आणि पोरांच्या घरी काय चाललं होतं ते आम्हाला कुठं माहीत होतं. नावं न छापणं बरोबरच होतं. पण ‘दोन पेठांत रात्री माल आत घेतला गेला’ एवढं वाक्य आणि खाली ‘का?’ असा लहानसा मजकूर दिला असता, तर लायसनवाल्या टोळ्या संपात कच्च्या का राहतात, यावर बोलणं सुरू झालं असतं. त्यांच्याकडे ना मंडळाची नोंद, ना भविष्य निर्वाह निधी, ना आधार. त्या टोळ्या सगळ्यात आधी फुटणारच होत्या. ती फूट दुसऱ्या क्रमांकाच्या मागणीचा सगळ्यात मोठा पुरावा होता आणि आम्ही तो लाजेपायी झाकला.

गुरुजींच्या ‘दहा आवाज त्या बाजूला’ या मुद्द्यावर मला उत्तर सापडायला वर्षं लागली. ते मिळालं १९२६ च्या इंग्लंडच्या, खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी झालेल्या सार्वत्रिक संपाबद्दल वाचताना. छापखान्याचे कामगारच संपावर, म्हणून बहुतेक रोजचे पेपर बंद. सरकारनं चर्चिलच्या देखरेखीखाली ‘ब्रिटिश गॅझेट’ काढलं आणि ट्रेड युनियन काँग्रेसनं त्याला उत्तर म्हणून ‘ब्रिटिश वर्कर’. कामगारांचं पत्र शिस्तीचं, संयमी होतं आणि हातोहात जात होतं. पण १२ मे ला नेत्यांनी संप मागे घेतला, तेव्हा त्या पत्रानंही नेत्यांचाच सूर लावला, की खाणकामगारांना आता न्याय मिळेल. प्रत्यक्षात खाणमालकांनी तशी कसलीच हमी दिली नव्हती. खाणींची टाळेबंदी पुढं कित्येक महिने चालली आणि हिवाळ्याच्या तोंडावर खाणकामगार कमी मजुरीवर, जास्त तासांवर परत गेले.

समोरच्याच्या दहा खोट्या आवाजांवर उतारा म्हणून आपण एक खोटा आवाज लावला, तर त्याची किंमत समोरचा देत नाही. आमचा अंक व्यापारी वाचतच नव्हते. ‘शंभर टक्के’ वाचणारे सगळे त्या चिखलातल्या ठशांच्या शेजारी उभे होते. त्यांना त्या मथळ्यातून एकच गोष्ट कळली : उद्या हा पेपर ६० पैशांबद्दल काही सांगेल, तर तेही असंच असेल.

आणखी एक गोष्ट साधी, पण आमच्या डोक्यात आली नाही. संप दिवसाच्या हिशेबानं चालतो, साप्ताहिक आठवड्याच्या. ‘आज काय झालं’ हे सांगायला यार्डाच्या गेटवर खडू-फळा पुरला असता, रोज, फुकट. चार पानांचं काम वेगळं होतं : पट्टी उलगडून दाखवायची, दर कुणाच्या खिशातून जातो ते सांगायचं, प्रस्तावाचा हिशेब मांडायचा. मी २०८ दिवसांचा हिशेब संप मिटल्यावर मांडला. तो बुधवारी रात्री मांडता आला असता. वही तेव्हाही अप्पांच्या कोपराखालीच होती.

दोन वर्षांनंतर

दोन वर्षांनी पुन्हा दराचा वाद उभा राहिला. गुरुजी तेव्हा आजारी होते आणि अंक मी काढत होतो. काम बंद पडायच्या आधीच गेटवर फळा लावला. त्यावर रोज टोळीवार हजेरी, कमी असली तरी. व्यापाऱ्यांचं पत्र आलं त्याच दिवशी त्याची झेरॉक्स फळ्यावर लागली. नवा सेक्रेटरी चिडला, मग गप्प बसला. त्या वेळी चार दिवसांत मिटलं. फळ्यामुळे मिटलं असं मी म्हणत नाही, त्या वर्षी हळदीला भाव होता.

त्या आठवड्याच्या अंकात पहिल्या पानावर एक तक्ता होता. उतराई, थप्पी, पलटी, शिलाई, भराई. पुढे जुना दर, मागितलेला, देऊ केलेला, आणि शेवटच्या रकान्यात ‘कोण देणार’. उतराईपुढे ‘शेतकरी’ असं सरळ लिहिलं होतं. शेवटची ओळ निवडणीची. जुना दर : ठरलेला नाही. मागितलेला : मागितलेला नाही. देऊ केलेला : रिकामा. सेक्रेटरी प्रुफ बघून म्हणाला, ही ओळ काढा, आपलीच लाज निघते. मी काढली नाही.

शुक्रवारी दुपारी निवडणीच्या तीन बायका कार्यालयात आल्या. पुढच्या आक्कांच्या हातात अंक होता, कोपऱ्यांवर पिवळ्या बोटांचे डाग. त्यांना वाचता येत नव्हतं, पोरीकडून वाचून घेतला होता. तक्त्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हितं मागितलेला न्हाई असं लिवलंय. मागायचा असंल तर कुणाकडं मागायचा, तेवढं सांगा. आन् आमची नावं लिवून घ्या, आम्ही एकवीस जणी हाय.’

मी वही काढली.